येलदरीचं पाणी आणि न धुतलेल्या वाकळा

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या बायांनो, आणि ज्यांना घर गाठायला अजूनही फाट्यावरून पायी जावं लागतं अशा सगळ्या मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. प्रवास तुम्ही पुष्कळ केलात. लेकीच्या बाळंतपणाला गेलात, पुतण्याच्या लग्नात भाकरी थापायला गेलात, मयतीला रडायला गेलात. सासऱ्याला धरून दवाखान्यात नेलंत. दुष्काळात ट्रकच्या हौद्यात उभ्या राहून खडी फोडायला गेलात. आता आठवून सांगा, कुणाचंही काम नसताना, नुसतं बघायला म्हणून उंबऱ्याबाहेर पाऊल कधी टाकलंत? पुरुष बाजाराला जातो तेव्हा बाजार संपल्यावर तासभर पाराखाली बसतो, त्याला कुणी जाब विचारत नाही. आपल्याला मात्र एसटीत चढण्याआधी कारण तयार ठेवावं लागतं. हा अन्याय इतका रोजचा आहे की तो अन्याय आहे हेसुद्धा आपण विसरलो.

मी शाळेत शिकवते आणि बोलावलं तिथं जाऊन सभेत बोलते. समतेवर बोलते, शिक्षणावर बोलते. आईवडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात पुस्तकं आली आणि ती मी अधाशासारखी वाचली. डोंगर, अरण्यं, समुद्र, सगळं वाचूनच ओळखीचं झालं. एके दिवशी वाचनालयातल्या वर्तमानपत्रात मुंबईच्या कुठल्याशा प्रवासी कंपनीची जाहिरात दिसली. एका दिवसात मोटारीने डोंगर, घनदाट जंगल आणि सागरकिनारा. घरी येऊन मी ती माझ्या थोरल्या जावेला, अनुसयाअक्काला, सांगितली. आमचं घर एकत्र आहे. मी सभांना हिंडते तेव्हा चूल तीच सांभाळते.

अक्का ज्वारी निवडत होती. म्हणाली, "ह्यातलं आपल्याकडं काय काय हाय?"

मी वर्गातला जिल्ह्याचा नकाशा आणून तिच्यापुढे पसरला. जिंतूरच्या पुढे डोंगर आहेत. त्या डोंगरांत साग आहे, पळस आहे. आणि पूर्णा नदीवर येलदरीचं धरण बांधल्यापासून तिथं एवढं पाणी साठलंय की पलीकडचा काठ अंधूक दिसतो, असं पाहून आलेले सांगतात. अक्कानं बोटानं परभणी ते येलदरी रस्ता चाचपला आणि म्हणाली, "मग मुंबईवाल्याला कशाला इचारायचं?"

ठरलं. एसटीची गाडी कराराने मिळते हे अनेकींना माहीत नसतं. लग्नाला मिळते तशीच कुणालाही मिळते. डेपोत आधी जाऊन अर्ज द्यायचा, पैसे भरायचे आणि दिवस ठरवायचा. गाडीभर बाया जमल्या तर वर्गणी एका साध्या लुगड्याच्या किमतीपेक्षा कमी पडते. आमच्या वस्तीतल्या बाया आल्या, शेजारच्या आळीतल्या मराठ्यांच्या आणि माळ्यांच्याही आल्या. महिना नोव्हेंबरचा निवडला. तुम्हीही तोच निवडा. ऊन चटका देत नाही, रान अजून हिरवं असतं आणि धरण भरलेलं असतं.

मी सगळ्यांना एकच अट घातली होती. ह्या दिवशी कुणीही काम करायचं नाही. नवस नाही, पाहुणा नाही, बाजार नाही. भाकरी आदल्या रात्रीच बांधून घ्यायच्या आणि दिवसभर फक्त बघायचं.

झुंजूमुंजू झालं आणि गाडी वस्तीच्या तोंडाशी आली. चालक खाजाभाई, अंगानं आडवे, तोंडात पान. बाया चढल्या. सगळ्यांत शेवटी अक्का आली आणि तिच्या मागून घरातल्या दोन पोरांनी ओढत आणलेली दोन भलीमोठी पोती.

"हे काय, अक्का?"

"वाकळा हायेत," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

गाडी झरीच्या पुढे जाईपर्यंत मी तिला सोडलं नाही. मग तिनं सांगितलं. भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आधी साफ नाही म्हटलं होतं. ते जिनिंगमध्ये मुकादम आहेत, माणसांना नाही म्हणायची त्यांना सवय आहे. "नुसतं फिरायला बाया कशाला पायजेत?" असं विचारलं. तेव्हा अक्का म्हणाली की येलदरीला पाणी लय आहे, घरातल्या सगळ्या वाकळा धुऊन आणते. दोन उन्हाळे पाण्यावाचून घरातली एकही वाकळ धड धुतली गेली नव्हती. भाऊजी लगेच तयार झाले.

"धुऊन आननार आसशील तर जा म्हनले," अक्का सांगत होती. "आन न धुता आनल्या तर ह्योच पयला आन ह्योच शेवटचा."

म्हणजे आमच्या बिनकामाच्या सहलीच्या पोटात काम बसलेलं होतं आणि त्या कामावर अक्काचं पुढचं सगळं जाणं-येणं अवलंबून होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी भाऊजींना मनात पुष्कळ ऐकवलं. पण बोरी मागे पडत होती, दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेला लागली होती, कापसाची बोंडं फुटून शेतं पांढरी झाली होती, आणि मागच्या बाकांवर गाणी सुरू झाली होती. अक्काही गात होती. वाकळांचं येलदरीला बघू म्हटलं.

जिंतूरला चहा घेतला. स्थानकासमोरच्या हॉटेलात बायका चहा प्यायला आत आल्या हे बघून मालकानं आधी पडद्यामागचा कोपरा दाखवला. आम्ही दर्शनी बाकांवर बसलो. भजी ताजी होती, चहा गुळमट होता. तिथून आधी पश्चिमेला चारठाण्याला वळायचं आणि मग परत येऊन डोंगराकडे, असा बेत होता. तुम्ही जाल तेव्हा असाच क्रम ठेवा, पण जिंतूरहून लवकर सुटा. आम्ही रेंगाळलो आणि ते महागात पडलं.

चारठाणा हे काळ्या दगडाच्या जुन्या देवळांचं गाव. घरांच्या मधूनमधून, कडब्याच्या गंजीमागून कोरीव खांब डोकावतात. एक उंच दगडी खांब तर आकाशात असा गेला आहे की मान दुखते. कुणा शेकडो हातांनी तो घडवला, त्यातल्या एकाचंही नाव कुणाला माहीत नाही. मी तेच बायांना सांगत होते, तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "कोनच्या लग्नाचं वऱ्हाड म्हनायचं हे?"

"लगीन न्हाई, बाबा," आमच्यातली गोदाकाकू म्हणाली. ती शेजारच्या आळीतली, जिभेला धार असलेली बाई.

"मग नवस फेडायला आलाव?"

"न्हाई."

म्हातारा विचारात पडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कोन वारलं?"

"कुनी न्हाई वारलं. बघायला आलाव."

"काय बघायला?"

"तुमचं गाव."

म्हाताऱ्यानं आपल्या गावाकडे एकदा बघून घेतलं, जणू रात्रीत तिथं काही नवीन उगवलं असावं. त्याची म्हातारी आतून ताकाची कळशी घेऊन आली. म्हणाली, "पायाला भिंगरी हाय का गं तुमच्या? घरी बापे जेवले का?"

"हात हायेत की त्यांना," गोदाकाकूनं ताक पिता पिता सांगितलं.

देवळात गोदाकाकूनं आणि तिच्या बरोबरीच्या बायांनी हात जोडले. आम्ही बौद्ध बायांनी जोडले नाहीत, पण भिंतीवरच्या नर्तकीच्या पायातले दागिने बोट लावून मोजले, खांबांवरच्या वेली बघितल्या. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. म्हातारीनं मला विचारलं, "दर्शन झालं का?" मी म्हटलं, "बघून झालं." तिला ते पटलं नाही, पण ताक मात्र तिनं सगळ्यांना सारखंच पाजलं, त्याच कळशीतून, त्याच पेल्यानं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. सगळीकडे असं होत नाही.

जिंतूरला परत येऊन येलदरीचा रस्ता धरला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. पुढचा रस्ता खडीचा आहे. गाडी दाणदाण आदळते, धूळ केसांत जाऊन बसते. डोक्याला बांधायला फडकं न्या आणि पोटुशी बाई नेऊ नका. पण डोंगर सुरू झाला की हे सगळं विसरायला होतं. वळणावळणानं जमीन वर उचलली जाते आणि अचानक खाली सगळा मुलूख पसरतो, काळी रानं, पांढरी रानं, मधेच एखादं तळं आरशाच्या तुकड्यासारखं. मागे वळून बघितलं तर आपण जिथं जन्मभर राबलो ते सगळं एका दृष्टीत मावतं. "एवढंच होय," असं एक बाई हळूच म्हणाली.

मग जंगल आलं. पुस्तकात वाचलेली अरण्यं अशी असतात की उन्हाचा कवडसा जमिनीला लागत नाही. आमच्या जंगलात ऊन सगळीकडे पोहोचतं. पण सागाची पानं सुपाएवढी असतात, धावड्याची साल पांढरी झळकते, आणि गाडीचं इंजिन बंद केलं की जी शांतता होते ती विकत मिळत नाही. खाजाभाईंनी सावलीत गाडी लावली. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. एकीनं धपाटे आणले होते ते हातोहात गेले. सीताफळीची झुडपं होती, पिकलेली दोनचार फळं सापडली.

जेवण झाल्यावर मी झाडाला टेकून डोळे मिटले. उघडले तर एकही बाई जागेवर नव्हती. सगळ्या रानात पांगून वाकल्या होत्या.

काटक्या वेचत होत्या.

मी ओरडून विचारलं, "काय करायलाव?"

"पडलेल्या हायेत, बाई. कुनाच्या न्हाईत," एकीचं उत्तर आलं.

बायांनो, मी चिडले. पण मला कळतही होतं. वाळकं लाकूड दिसलं की आपल्याला झाड दिसतच नाही, चूल दिसते. ही नजर आपल्याला जन्मतः मिळालेली नाही, ती लावली गेली आहे. मी त्या मोळ्यांमध्ये उभी राहून भाषण केलं, चक्क हात वर करून. काहीजणींनी ऐकलं, काहीजणींनी ऐकता ऐकता मोळी बांधली. गोदाकाकू म्हणाली, "बाई, तुमचं बोलनं लय गोड लागतंय, पर सांजच्याला चुलीत घालता येत न्हाई." खाजाभाई खिडकीतून हसले. अखेर मोळ्या टपावर चढल्या. पण ह्या सगळ्यात दुपार निम्मी सरली होती.

आणि मग शेवटच्या वळणावर येलदरी आलं.

मी समुद्र पाहिलेला नाही, म्हणून तुलना करणार नाही. डोंगराच्या कुशीत निळं पाणी, वाऱ्यानं चुरगळलेलं, लांब जाऊन आकाशाला टेकलेलं. काठावर लाटा येतात, बारीक का होईना, येतात. काठाला भोयांच्या होड्या ओढलेल्या, जाळी वाळत घातलेली, माशांचा वास. धरणाच्या विजेच्या कारखान्यात जायला आधी परवानगी काढावी लागते, ती आम्ही काढली नव्हती, तुम्ही काढा. मासे काठावरच घ्या, बाजारापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. गाडीतून उतरलेल्या बाया सरळ पाण्यापाशी गेल्या. घोटाघोटानं पाणी प्यायची सवय लागलेल्या त्या बाया ओंजळी भरभरून पाणी तोंडावर घेत राहिल्या.

मग मला पोती ओढण्याचा आवाज आला. अक्कानं पदर खोचला होता. तिच्याबरोबर चारपाच जणी निघाल्या, सगळ्या मिळून लवकर उरकू म्हणत. पहिली वाकळ दगडावर आपटायला काढली तेवढ्यात खाजाभाई धावत आले.

"ओ बाई, ओल्या वाकळा गाडीत न्हाई चालायच्या. शिटा भिजतील. डेपोत माझी खाल काढतील. वाळवून आना, मग चढवा."

अक्कानं सूर्याकडे बघितलं. आम्हीही बघितलं. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांच्या थरावर थर, ती भिजली की दोघींना उचलत नाही आणि वाळायला अख्ख्या दिवसाचं कडक ऊन लागतं. आता धुतल्या तर त्यांची राखण करत काठावर बसायचं, गाडी रात्री सुटायची, आणि तरी त्या ओल्याच राहायच्या. न धुवाव्या तर भाऊजींचा हुकूम ठरलेलाच होता.

गोदाकाकूनं तोडगा काढला. "नुसता कोपरा भिजव आन ने. धुतल्या म्हन. बाप्यांना काय कळतंय? त्यांनी वाकळ पांघरलीय, कवा धुतली हाय का?"

सगळ्या हसल्या. अक्का हसली नाही. हातातला कोपरा तिनं पाण्याजवळ नेला आणि तसाच धरून बसली. मला बोलायचं होतं. मी बोलले नाही, कारण ही परवानगी माझी नव्हती, हरवली तर तिची हरवणार होती.

"खोटं बोलून आले तर पुढच्या बारीलाबी खोटंच बोलावं लागंल," ती म्हणाली. "दर बारीला एवढी पोती कुठून आनू?"

मग तिनं ती वाकळ झटकली, सपाट दगडावर पसरली आणि तिच्यावर मांडी घालून बसली, पाण्याकडे तोंड करून. बाकीच्यांनीही उरलेल्या काढल्या आणि पसरल्या. निळ्या, तांबड्या, हिरव्या ठिगळांचा सगळा काठ झाला. जन्मात पहिल्यांदा त्या बाया भर दुपारी वाकळेवर बसल्या होत्या आणि कुणी आजारी नव्हतं.

एक भोई जाळं सांधत होता. त्यानं विचारलं, "मावश्या, होडीत बसता का? मधल्या टेकाडापत्तुर नेतो." धरण भरलं की जुन्या टेकड्यांची नुसती डोकी वर राहतात, त्यातलं एक जवळ होतं. आधी सगळ्या नाही म्हणाल्या. अक्का उठली, चपला वाकळेजवळच ठेवल्या आणि होडीत जाऊन बसली. मी तिच्या मागे गेले, खरं सांगायचं तर घाबरत. होडी हलली तशी तिनं माझं मनगट असं धरलं की वळ उठले. पाण्याच्या मध्यावर भोयानं वल्हं थांबवलं. चारी बाजूंना पाणी, काठावरच्या बाया ठिपक्यांएवढ्या.

अक्का बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं पानी, आन कुनाच्या डोईवर न्हाई."

मी आजवर केलेल्या एकाही भाषणात असं वाक्य नव्हतं. मी ते त्या क्षणीच पाठ करून टाकलं आणि तेव्हापासून सभांमध्ये सांगते, अक्काचं म्हणूनच सांगते.

परतीला बाया पेंगल्या. जिंतूरच्या पुढे अंधार पडत आला. अक्का मात्र जागी होती. मी तिला म्हटलं, "भाऊजींशी मी बोलते. मला बोलायची सवय आहे." ती म्हणाली, "तू सभंत बोल. घरात मी बोलते."

भाऊजी ओट्यावर बिडी ओढत बसले होते. पोती उतरली, त्यांनी एका पोत्यावर हात ठेवला. कोरडं. तोंड सोडून आत बघितलं. वाकळा मळक्याच.

"धुतल्या न्हाईस?"

"न्हाई."

"पानी न्हवतं?"

"लय होतं."

"मग दिवसभर केलंस काय?"

"बघितलं," अक्का म्हणाली. "देवळं बघितली, डोंगर बघितला, पानी बघितलं. होडीत बसले."

भाऊजींचा आवाज चढला. घरातले सगळे दारात जमले. ते म्हणाले, बोली काय झाली होती, तूच सांग. ते म्हणाले, पुढच्या वर्षी नाव काढायचं नाही. अक्का तोवर आत जाऊन परात घेऊन आली होती. पीठ घेता घेता, आवाज न चढवता तिनं सांगितलं, "पुढच्या वर्षी मी इचारनारच न्हाई. सांगनार हाय."

भाऊजी बिडी पेटवायला काडी शोधू लागले. त्या रात्री ते जेवले, पण बोलले नाहीत. चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी वस्तीच्या हौदाला पाणी आलं. अक्कानं वाकळा तिथं धुतल्या आणि ओट्याकडे बघून म्हणाली, "ह्या दोघांशिवाय उचलत न्हाईत." भाऊजी कुरकुरत उठले आणि त्यांनी एक टोक धरलं. त्यांचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. अजूनही ते शेजाऱ्यांना टोमण्यानं सांगतात, "आमच्या बाई बघायला गेल्या होत्या." पण ते सांगतात तेव्हा अक्का आतून म्हणते, "व्हय, गेले होते," आणि मग शेजारीण विचारते, काय काय बघितलंस गं. पुढच्या खेपेला यायला आत्ताच सहा घरच्या बाया तयार आहेत.

मला काय उरलं ते विचाराल तर हाताच्या मनगटावरचे वळ चारपाच दिवस होते. आणि एक जाणीव उरली. रस्ता, गाडी, वर्गणी, मोसम, हे सगळं मी वर लिहिलं आहे आणि ते सोपं आहे. अवघड आहे ते कारण न देणं. आपण कारण देत राहिलो तोवर पोत्यांसारखी ओझी वाहतच राहणार. देवाचं कारण, दवाखान्याचं कारण, धुण्याचं कारण. आपल्याला डोळे आहेत एवढं कारण पुरेसं आहे आणि ते कुणाकडे मंजूर करून घ्यायचं नसतं.

म्हणून बायांनो, आज रात्री एक करा. सगळे जेवायला बसले आणि तुमच्या हातात भाकरी असली की मोठ्यानं म्हणा, "येत्या रविवारी मी येलदरीला चालले आहे, बघायला." विचारू नका. सांगा.